रेशमाला अडणारा रुपया

अजीजुन्निसा मला पहिल्यांदा दिसली ती शाळेच्या पायरीवर. साल एकोणीसशे सव्वीस. मुलींच्या शाळेत बदलून मी बुलढाण्याला आले, त्याला महिनाही झाला नव्हता. दुसरीतल्या एका मुलीची गळ्यातली पोत खेळताना तुटली आणि मणी अंगणभर झाले. मुलगी रडत होती आणि भोवती उभ्या असलेल्या दहाजणी तिला आणखी रडवत होत्या. मी वर्गातून बाहेर आले तर पायरीवर एक किडकिडीत बाई बसलेली. डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला, शेजारी एक गाठोडं. तिनं सगळ्या मुलींना मणी वेचायला लावलं होतं आणि स्वतः पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवून पोत गाठायला घेतली होती.

पोत झाली. मुलीनं हात पुढे केला. बाईनं दिली नाही. एकेक गाठ दोन्ही चिमटींत धरून तिनं ओढून पाहिली, त्यातली एक सोडली, पुन्हा बांधली, आणि मगच पोत मुलीच्या गळ्यात घातली.

"मास्तरीणबाई, हिच्या मायले सांगजा, पोरीची पोत जराशी ढिली ठेवत जाय म्हणा. लेकराचा दम कोंडते."

मी पैसे विचारले.

"पैसे काहाचे? सावलीले बसली होती मी. हात रिकामेच होते."

गाठोडं काखेत मारून ती निघाली. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, की ती देऊळघाटची पटवेकरीण. पटवेकरी म्हणजे दागिने रेशमात ओवणारे लोक. सोनार दागिना घडवतो, पण गळ्यात बसेल असा तो पटवेकऱ्याच्या हातून होतो. तिचा नवरा बद्रुद्दीन हे काम करायचा. तो तापानं गेला तेव्हा त्यांची मुलगी गौसिया चार वर्षांची होती. अजीजुन्निसानं गाठोडं उचललं आणि दर आठवडी बाजाराला ती बुलढाण्याला येऊ लागली. पुरुष पटवेकरी बाजारात बसतात. ही घरोघरी जायची, माजघरापर्यंत. बायका आपले दागिने तिच्यासमोर पसरून ठेवायच्या आणि तिच्या भरवशावर चूल पाहायला उठून जायच्या. तिचं सगळं पोट या भरवशावर होतं. बायका तिला अजीजबी म्हणत, मीही तसंच म्हणू लागले.

तिच्याकडे सगळ्यात जास्त काम असायचं रुपयांच्या हारांचं. चांदीच्या रुपयाला सोनार वर एक कडी डागून देतो आणि असे वीस-पंचवीस रुपये रेशमात ओवले की हार होतो. आमच्या भागात तेव्हा ज्या घरात दोन पोती ज्वारी जास्त झाली त्या घरात असा एखादा हार व्हायचाच. अजीजबीच्या हाताखालून किती रुपये गेले असतील ते तीही सांगू शकली नसती. सोनार रुपया दगडावर आपटून आवाज ऐकायचे. ती वाजवत नसे. अंगठा आणि तर्जनीत काठावर धरून फिरवायची, बस्स. खोटा असला की बाजूला. "वाजवून काय समजते? खोटा बी बोलते. बोटाले मात्र लबाडी कळते," असं म्हणायची.

मी राहत होते वामनरावांच्या घरात, मागच्या दोन खोल्यांत, भाड्यानं. वामनराव सरकारी बांधकाम खात्यातले ओव्हरसिअर. रस्ते आणि पूल मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि पेन्शन घेतल्यावर ते नाणी जमवू लागले होते. नुसती इंग्रजी अमदानीतली. मराठ्यांची, निजामाची नाणी कुणी आणून दिली तर परत करत. सागवानी पेटी, आत कापूस, हातात भिंग, आणि समोर जो कोणी सापडेल तो. मी भाडं द्यायला गेले की अर्धा तास मोडायचा. पण माणूस निर्मळ होता. कुणी कंटाळलं तर त्यांना ते कळायचंच नाही, आणि त्यामुळे त्यांचा राग यायचा नाही.

त्यांच्या पेटीतली सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे एक जोडी. एडवर्ड बादशहाचे दोन रुपये, दोन्ही एकोणीसशे तीनचे, दोन्हींवर राजा बोडक्या डोक्याचा. त्यातला एक बाजारातला साधा. दुसरा प्रूफ. तो त्यांनी मुंबईहून फार खटपट करून मिळवला होता. फरक दाखवता यावा म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवत.

पेटीतला कापूस जुना झाला तेव्हा त्यांच्या मनात आलं, की मखमलीचे छोटे खण शिवून घ्यावेत, एका नाण्याला एक. त्यासाठी त्यांच्या पत्नी पुष्पाबाईंनी अजीजबीला बोलावलं. मी त्या दिवशी ओसरीतच वह्या तपासत होते.

वामनरावांना नवा श्रोता मिळाला. "हे बघ अजीजबी. टाकसाळीत रोजचे रुपये कसे पडतात? एक ठोका, एक रुपया. हजारांनी पडतात, एकमेकांवर आदळत थैलीत जातात. प्रूफ रुपयाची गोष्ट वेगळी. त्याचा ठसा आरशासारखा घासतात, चांदीची चकती घासतात, आणि मग सावकाश, दाब देऊन, दोनदा छापतात. तो थैलीत पडत नाही. हातानं उचलून ठेवतात. तो खर्चायचा नाही, बघायचा."

"रुपया अन् खर्चाचा नाही?" अजीजबी म्हणाली. "मंग रुपया काऊन म्हणता त्याले?"

मला हसू आलं. वामनरावांना आलं नाही. ते पुढे सांगत राहिले. प्रूफची जमीन, म्हणजे चित्रामागची मोकळी जागा, आरशासारखी असते आणि राजाचं डोकं मात्र दह्यासारखं पांढरट. साधा रुपया कुणी घासून चमकवला तर सगळाच सारखा चमकतो, पण अक्षरांच्या बेचक्यांत चमक पोचत नाही आणि भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात. "फसवणारे असतात. म्हणून बघायला शिकावं लागतं."

अजीजबीनं पदराला बोटं पुसली आणि दोन्ही रुपये एकेक करून काठावर धरले. प्रूफ आता आरशासारखा राहिला नव्हता. सागवानी पेटीत वर्षानुवर्षं राहून त्यावर निळसर काळपट छटा चढली होती. वामनराव तो उन्हात तिरपा धरत तेव्हा त्या काळोखीखालून आरसा दिसायचा. साधा रुपया मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवताना धोतराच्या सोग्यानं पुसून पुसून उजळ झाला होता. अजीजबीनं प्रूफ उलटा केला. मागच्या बाजूला खाली उर्दूत 'यक रुपिया' असं लिहिलेलं असतं. तिला उर्दू वाचता यायचं. ती अक्षरं तिनं बराच वेळ पाहिली.

"हे कातून काढल्यावानी हायेत," ती म्हणाली. मग गाठोड्यातून तिनं रेशमाची एक एकेरी तार काढली, केसाएवढी. साध्या रुपयाच्या काठावरून ओढली. तार सरकून गेली. प्रूफच्या काठावरून ओढली. तार अडली. पुन्हा ओढली, पुन्हा अडली.

"याचा काठ मोडलाच नाही साहेब. काटकोनात हाय. बाजारातला रुपया गोटीवानी गोल होते काठाले, रेशीम अडकत नाही त्याले."

वामनरावांनी ती तार मागून घेतली आणि स्वतः ओढून पाहिली. चारपाच वेळा. "इतकी वर्षं भिंगातून बघतोय," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं हो!"

खण शिवून झाले. पुष्पाबाई म्हणाल्या, प्रत्येक खणावर चिठ्ठी लावा, म्हणजे कोणतं नाणं कोणतं ते कळेल. वामनराव म्हणाले, "चिठ्ठी कशाला? ज्याला दिसतं त्याला दिसतं."

हे झालं तेहतीस सालच्या श्रावणात.

भाद्रपदात आमच्याकडे घरोघर महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. त्यांना साड्या नेसवायच्या, दागिने घालायचे, दुसऱ्या दिवशी पुरण आणि ज्वारीची आंबील. पुष्पाबाईंनी त्या वर्षी मनाशी धरलं होतं, की दोघींना रुपयांचे दोन हार करायचे. दर दिवाळीला पूजेत ठेवलेले रुपये त्यांनी साठवले होते. एकवीस एका हाराला, एकवीस दुसऱ्याला, आणि सगळे बोडक्या राजाचे, म्हणजे दोघी बहिणींत दुजाभाव नको. एकेचाळीस जमले. एक कमी पडला. त्याच्या जागी होता तो राणी छाप, व्हिक्टोरियाचा.

पुष्पाबाईंनी काय केलं ते मला पुढे त्यांनीच सांगितलं. दुपारी वामनराव झोपले असताना त्यांनी सागवानी पेटी उघडली. जोडीतला साधा रुपया घ्यावा आणि त्याच्या खणात राणी छाप ठेवावा, असा विचार. नवरा रोज म्हणत होता की प्रूफ तो, जो आरशासारखा चमकतो. त्यांनी पाहिलं तर एक रुपया उजळ होता आणि एक काळपट. काळपट तो साधा, असं समजून त्यांनी तोच उचलला. रुपयाच्या जागी रुपया ठेवला होता, त्यामुळे आपण काही घेतलं असं त्यांच्या मनातही आलं नाही. बेचाळीस रुपये त्यांनी अजीजबीच्या पदरात टाकले आणि धुऊन, तुळशीराम सोनाराकडून कड्या डागून, हार ओवून आण म्हणून सांगितलं.

अजीजबीनं ते घरी नेले. रुपये कडी डागायच्या आधी रिठ्याच्या पाण्यात धुवायची तिची पद्धत होती. चिंच आणि राख ती कधी लावत नसे, रेशमाला डाग पडतात म्हणून. धुताना एक रुपया बोटाला लागला. तिनं तार ओढून पाहिली. अडली. तिनं तो वेगळ्या फडक्यात बांधला, बाकीचे एकेचाळीसही तुळशीरामकडे दिले नाहीत, आणि पुढच्या बाजाराची वाट पाहत बसली. पुष्पाबाईंना एकटीला गाठून विचारू, असं तिनं ठरवलं होतं.

मधल्या चार दिवसांत अमरावतीहून पंजाबराव आले. हे वामनरावांचे स्नेही, त्यांनाही नाण्यांचाच नाद. वामनरावांनी पेटी उघडण्याआधी चहा दिला, चहानंतर पान दिलं, मग पेटी उघडली.

खणात राणी होती.

पंजाबराव मोठ्यानं हसले. "वामनराव, लेकाच्या जागी माय येऊन बसली की हो!"

वामनरावांनी दुसऱ्या खणातला रुपया उचलला, तिरपा धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "प्रूफ गेला," ते म्हणाले. "हा साधा आहे."

"रुपयाच्या जागी रुपया ठेवून गेला म्हणजे चोर हुशार आहे," पंजाबराव म्हणाले. "घरात कोण येतं? नाण्यातलं कळणारं?"

वामनराव मखमलीच्या खणात बोट फिरवत होते. पंजाबरावांनीच विचारलं, "हे खण कुणी शिवले?"

पुष्पाबाई दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. आपण काय केलं ते त्याच क्षणी त्यांना कळलं. पेटीला हात लावायचा नाही, हा त्या घरातला एकच कडक नियम होता, आणि समोर परका माणूस बसला होता. त्या आत निघून गेल्या.

बाजारच्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा वामनराव ओसरीत बसले होते. अजीजबी फाटकातून आली. तिनं त्यांना पाहिलं आणि आत जायला वळली.

"थांब," वामनराव म्हणाले. "माझा प्रूफ रुपया कुठे आहे?"

अजीजबी उभी राहिली. मला वाटलं ती विचारेल, कोणता रुपया. तिनं विचारलं नाही.

"माझ्यापाशी हाय साहेब."

"तुझ्यापाशी?"

"हाव. आणला हाय." तिनं कमरेचं फडकं सोडलं.

"तुझ्यापाशी कसा आला?"

अजीजबीनं माजघराच्या दाराकडे पाहिलं. पुष्पाबाई तिथे होत्या. चौकट धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. अजीजबीनं नजर खाली केली.

"रुपयांत मिसळून आला. मले इतकंच मालूम हाय."

"कुणाच्या रुपयांत?"

तिनं फडक्यातून रुपया काढला.

वामनराव ओरडले नाहीत. ओरडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते म्हणाले, "मी तुला माझी पेटी उघडून दाखवली होती," आणि मग, "आता या घरात येऊ नकोस."

अजीजबीनं रुपया टेबलावर ठेवला, काठावर धरून, आवाज न होऊ देता. "साहेब, मधात बोट लावू नोका. घाम डसते त्याले." मग एकेचाळीस रुपयांचं गाठोडं उंबऱ्यावर पुष्पाबाईंच्या पायाशी ठेवलं आणि ती गेली.

दोन दिवसांनी पुष्पाबाईंनी मला सगळं सांगितलं, माझ्या खोलीत बसून, पदरानं तोंड झाकून. "सांगते म्हणते अन् तोंडच उघडत नाही हो बाई. सकाळी ठरवते, ते जेवायला बसले की सांगू. जेवण होऊन जाते." मी त्यांना म्हणायला हवं होतं, की चला, आत्ता सांगू. मी म्हणाले नाही. भाडेकरूनं नवरा-बायकोत पडू नये, असं मी स्वतःला समजावलं.

तोवर गोष्ट गावात झाली होती. पंजाबरावांनी जाण्याआधी दोन घरी सांगितली, वामनरावांनी विचारणाऱ्या शेजाऱ्यांना सांगितली, बाकीची आपोआप गेली. पुढच्या बाजाराला अजीजबी आली. सत्यभामाबाईंच्या घरी दार लोटलेलं. दुसऱ्या घरी सांगितलं, सध्या काही काम नाही. तिसऱ्या घरी तिला ओसरीतच बसवलं आणि ती पोत गाठत असताना घरातली सून समोर बसून तिच्या हातांकडे पाहत राहिली. ती पोत पुरी करून अजीजबी उठली आणि पुढे कुठेही न जाता देऊळघाटला परत गेली. मला ती रस्त्यात भेटली. मी म्हटलं, "अजीजबी, थोडे दिवस जाऊ दे."

"बाई," ती म्हणाली, "गौसियाचं लगन ठरून राह्यलं मेहकरले. त्या घरी हे गेलं तं?"



महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाला पंधरा-वीस पानं होती. आरती झाली. वामनराव मुखवट्यांकडे पाहत म्हणाले, "यंदा हार करणार होतीस ना? हार कुठे आहेत?"

पुष्पाबाईंच्या हातात आंबिलीचं पातेलं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं.

"हार झाले नाही," त्या म्हणाल्या. "पेटीतला रुपया मी घेतला होता. हारासाठी. अजीजबीले मीच देला. राणी छाप मी ठेवला. साधा समजून घेतला. तिले सगळं मालूम होतं अन् तिनं माझं नाव घेतलं नाही. आता या दोघींच्या समोर मी खोटं नाही बोलू शकत. आठ दिवस झाले, माझ्या पोटात अन्न नाही."

वामनराव उठले, आत गेले, पेटी आणली. तिथेच देवीपुढे समईच्या उजेडात त्यांनी प्रूफ काढला आणि भिंग लावून दोन्ही बाजूंनी पाहिला. बराच वेळ पाहिला. एकही ओरखडा नव्हता.

"तुळशीरामकडे गेला असता," ते म्हणाले, "तर वर कडी बसली असती. कायमची." मग त्यांनी पेटी मिटली आणि पुष्पाबाईंना म्हणाले, "वाढ सगळ्यांना. थंड होतंय." त्यापुढे त्या विषयावर ते पुष्पाबाईंना कधी एक शब्द बोलले नाहीत, असं पुष्पाबाई सांगत.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वामनरावांनी बैलांची दमणी जुंपायला सांगितली. पुष्पाबाई बसल्या आणि त्यांनी मलाही ओढून घेतलं. देऊळघाट तीनेक कोसांवर. अजीजबी अंगणात रेशीम रंगवत होती, कोपरापर्यंत हात लाल. आम्हाला पाहून तिनं बाज टाकली. वामनराव बसले नाहीत.

"अजीजबी, माझं चुकलं. तुम्ही माझं नाणं वाचवलं आणि मी तुम्हालाच चोर ठरवलं." त्या दिवसापासून ते तिला 'तुम्ही' म्हणू लागले.

"मले काहाले सांगता साहेब?" अजीजबी हात धूत म्हणाली. "मी चोरी केली नाही हे मले पहिल्या दिवसापासून मालूम हाय. ज्यायले मालूम नाही त्यायले जाऊन सांगा."

पुष्पाबाई रडू लागल्या. अजीजबीनं त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं. "तुमाले भेव लागलं. मले बी लागलं असतं," ती म्हणाली. "पण आठ दिवस लई झाले, पुष्पाबाई."

"हाव," पुष्पाबाई म्हणाल्या. "लई झाले."

वामनरावांनी तिला तसंच दमणीत बसवलं. वाटेत मी तिला हळूच विचारलं, की तू तेव्हाच नाव का घेतलं नाहीस.

"साहेबानं मानलं असतं का? म्हणले असते, एक तं चोरी केली अन् वरून घरच्या बाईवर ढकलते." थोडं थांबून ती म्हणाली, "अन् पुष्पाबाईचं तोंड पाह्यलं तं माझी जीभच उचलली नाही."

त्या दिवशी वामनराव बुलढाण्यात सात घरी गेले. पुढे ते, मागे अजीजबी, तिच्या मागे आम्ही दोघी. पहिलं घर सत्यभामाबाईंचं. अंगणात उभं राहून वामनरावांनी सुरुवात केली ती टाकसाळीपासून. ठसा कसा घासतात, चकती कशी घासतात, दाब दोनदा कसा देतात. दोन्ही रुपये त्यांनी बरोबर आणले होते. सत्यभामाबाई घाबरून नुसत्या मान हलवत होत्या. सगळं सांगून झाल्यावर शेवटी ते म्हणाले, की म्हणून या बाईंवर मी जो आळ घेतला तो खोटा होता, चूक माझी होती, आणि तो सगळीकडे मीच पसरवला.

दुसऱ्या घरीही टाकसाळ. तिसऱ्या घरी त्यांनी भिंग काढलं तेव्हा अजीजबी मागून म्हणाली, "साहेब, दुपार होऊन राह्यली. आता पुढच्या घरी नुसतं शेवटचं तेवढं बोला."

तिसऱ्या घरची सून, तीच जी हातांकडे पाहत बसली होती, पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं विचारलं, "अजीजबी, पाणी घेता का?" अजीजबी म्हणाली, "घेतो."

शेवटचं दुकान तुळशीराम सोनाराचं. त्याला टाकसाळ सांगावी लागली नाही. त्यानं प्रूफ हातात घेतला, काठावरून नख फिरवलं, आणि म्हणाला, "हा माझ्यापाशी आला असता तं मी डाग देऊन मोकळा झालो असतो. पाह्यलंही नसतं." आणि त्यानं अजीजबीला बसायला आपली गादी सरकवली.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मी लिहिणार नाही. सातांतल्या एका घरानं तिला पुन्हा कधी बोलावलं नाही. का, ते तेच जाणोत. पण बाकीची घरं उघडली, गौसियाचं लग्न मेहकरला झालं, आणि लग्नाला वामनराव आणि पुष्पाबाई दोघं गेले. मी सुट्टी मिळाली नाही म्हणून जाऊ शकले नाही. महालक्ष्म्यांचे हार पुढच्या वर्षी झाले. एकेचाळीस राजे आणि एक राणी. कनिष्ठेच्या हारात राणी मधोमध होती, आणि पुष्पाबाई म्हणायच्या की धाकटी आहे, तिला जरा लाड हवेच.

मग लढाई आली आणि चांदीचे रुपये गेले. आधी हिणकस आले, मग जुने सरकारनं परत मागवले, आता तर निकेलचे आहेत. त्यांचे हार कोण करणार? वामनराव चव्वेचाळीस साली वारले. मी दोन वर्षांपूर्वी पेन्शन घेतली. अजीजबीचे डोळे अधू झाले आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी मेहकरला गेले होते तेव्हा तिला भेटून आले. ती तिथे गौसियाच्या घरी राहते, ओसरीत बसून लहान मुलांच्या कमरेचे करदोटे वळते, आणि दोन पेठांतली दुकानं ते विकायला ठेवतात.